ट्रॅक्टर फळी चढंना: मोटारवाल्या ब्लॉकच्या गाड्यांवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात लेगो टेक्निकच्या (लेगोच्या गिअर-एक्सलवाल्या मालिकेच्या) ब्लॉकमधून मोटार लावलेल्या गाड्या स्वतः डिझाइन करून बनवायच्या छंदावर लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की काही अडलं तर विचारा. तर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून एवढे प्रश्न आले की सगळे इथं बसणार नाहीत. बरेचसे आपल्याच सांगली साताऱ्याकडचे आहेत आणि मला सगळ्यात भारी काय वाटलं तर लोक फेरारी बुगाटी विचारत नाहीयेत, उसाचा ट्रॅक्टर विचारतायत, एसटी विचारतायत, वडापची जीप विचारतायत. हे फार बरं आहे, कारण जी गाडी रोज दारासमोरून जाते ती टेप लावून मोजता येते, तिच्या खाली वाकून बघता येतं, ड्रायव्हरला विचारता येतं. उत्तरांमध्ये एक गोष्ट परत परत येणार आहे आणि ती मुद्दाम आहे: गाडी चाकापासून बनवायला घ्या, आधी चाक, मग गिअर, मग चासी, आणि बॉडी सगळ्यात शेवटी. खालच्या बहुतेक अडचणी हा क्रम उलटा झाल्यामुळं आलेल्या आहेत.

उसाचा ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या असं मॉडेल स्वतः बनवलंय. एल मोटार (लेगोच्या मोटारी एम, एल, एक्सएल अशा चढत्या ताकदीच्या असतात) मागच्या एक्सलला २४-२४ दात्याच्या गिअरनं जोडलीय. फरशीवर पळतो, पण फळी तिरकी लावली की चढंना, नुसता घूं घूं करतो आणि थोड्या वेळानं बंदच पडतो. मोटार गेली का? एक्सएल घेऊ का? (आष्ट्याहून एक वाचक)

मोटार गेलेली नाही दादा, आणि एक्सएल घ्यायची घाई करू नका, आधी कागदावर पाच मिनिटांचा हिशोब करू. तुम्ही लिहिलंय ट्रॅक्टर आणि भरलेल्या ट्रॉल्या मिळून २ किलो, मागची टायर ८१.६ मिमीची, आणि १ मीटरच्या फळीचं एक टोक २५ सेंटीमीटर उचललेलं. म्हणजे चढावर वजनाचा पाव भाग मागं ओढतो, अर्धा किलो. चाकाची त्रिज्या साधारण ४ सेंटीमीटर, म्हणून एक्सलवर अर्धा किलो गुणिले ४, म्हणजे २ किलो-सेंटीमीटर पीळ (फिरवायचा जोर, टॉर्क) लागणार, तोही घर्षण सोडून. आता एल मोटार पूर्ण अडवून धरली तरी तिचा जास्तीत जास्त पीळ साधारण १.८ किलो-सेंटीमीटर असतो. २४ ला २४ म्हणजे गिअर लावून न लावल्यासारखंच, पीळ तेवढाच राहतो. म्हणून ती घूं घूं करते, जागच्या जागी गरम होते आणि मग स्वतःला वाचवायला बंद पडते, थंड झाली की परत चालू. यात बिचारीचा काय दोष.

मोटारीला तिच्या कमाल पिळाच्या तिसऱ्या हिश्शावर चालवायची सवय लावा, म्हणजे ती गरम होत नाही आणि बॅटरीही पुरते. तिसरा हिस्सा म्हणजे ०.६. लागतात २, तर किमान साडेतीन पट कमी वेग हवा, आणि प्रत्येक गिअरच्या जोडीत थोडं घर्षण जातं म्हणून सरळ ५ पट धरा. हे ५ कसं काढायचं तर १२ दात्याचा गिअर २० ला आणि पुढं परत १२ दात्याचा ३६ ला, १.६७ गुणिले ३ बरोबर ५. ८ ला ४० लावूनही ५ येतं पण ८ चा गिअर लहान, त्याचे दोन-एक दातेच सगळा भार घेतात आणि चढावर तोच आधी उडी मारतो, म्हणून मी ट्रॅक्टरला १२ वालेच लावीन.

इथंच गिअरमधल्या अंतराचं पण सांगून टाकतो कारण याच प्रश्नावर चार-पाच जणांनी लिहिलंय. टेक्निकच्या बीमला (भोकांच्या पट्टीला) भोकं ८-८ मिमीवर असतात आणि गिअर असे केलेत की जेवढे दाते तेवढे मिमी व्यास. म्हणजे १२ आणि २० ची बेरीज ३२, तिचं अर्धं १६, म्हणजे बरोबर दोन भोकं. १२ आणि ३६ ची बेरीज ४८, अर्धं २४, तीन भोकं. १६ आणि २४ घेतलं तर अर्धं २० येतं, म्हणजे अडीच भोकं, तिथं अर्ध्या भोकाची कसरत करावी लागते, नवख्यानं त्यात पडू नये. बेरीज १६ ने भागली गेली की जोडी बसते, एवढं डोक्यात ठेवलं की गिअरबॉक्स चहा पिता पिता कागदावर काढता येतो.

वेग किती राहील ही भीती वाटत असेल तर तीही बघू. एल मोटार मोकळी मिनिटाला ३९० च्या आसपास फिरते, भाराखाली २६० धरू, भागिले ५ म्हणजे ५२ फेरे, आणि ८१.६ च्या टायरचा एक फेरा म्हणजे साडेपंचवीस सेंटीमीटर. सेकंदाला २२ सेंटीमीटर. तुमचं मॉडेल साधारण १:१६ आहे, म्हणजे खऱ्या ट्रॅक्टरला ताशी १२-१३ किलोमीटर, आणि दोन ट्रॉल्या ऊस भरून चढ चढणारा ट्रॅक्टर बघा, तो याहून जोरात कुठं जातो? मला तर हे गणित जुळलं की मॉडेल जिवंत झाल्यासारखं वाटतं.

पण थांबा, गिअर बदलल्यावर दुसरी अडचण येणार आहे ती आत्ताच सांगतो. चाकं जागेवर गरगरतील किंवा पुढची चाकं उचलतील. कारखान्याच्या रस्त्यावर चढाला ट्रॅक्टरचं नाक वर आलेलं तुम्ही बघितलंच असेल, तेच इथं होतं. त्यावर दोन उपाय. बॅटरी बॉक्स बॉनेटमध्ये ठेवलाय म्हणता, तो काढून सीटखाली, मागच्या एक्सलच्या थोडा पुढं आणि वर आणा, सहा सेल म्हणजे चांगलं वजन असतं, ते ओढणाऱ्या चाकांवर पडू दे, आणि नाक हलकं वाटलं तर पुढं थोडं वजन ठेवा, खऱ्या ट्रॅक्टरलाही पुढं लोखंडी वजनं लावतातच की. आणि ट्रॉलीची हूक एक्सलच्या मध्यापेक्षा खाली ठेवा. हूक एक्सलच्या वर गेली की ट्रॉलीची ओढच ट्रॅक्टरला मागं उलटवते, खऱ्या शेतात माणसं यानंच दगावतात, म्हणून खऱ्या ट्रॅक्टरची ओढायची पट्टी खाली असते. ट्रॉल्यांची चाकं हातानं फिरवून बघा, ती एका फुंकरीसरशी मोकळी फिरायला हवीत, बुश (एक्सलवर चाक जागेवर धरणारी छोटी कडी) घट्ट दाबून बसवला असेल तर अर्धी ताकद तिथंच संपते.

मुलगा अकरा वर्षांचा आहे, तुमचा लेख वाचून मागं लागलाय. ओरिजनल फार महाग पडतं, चायनाचं घेतलं तर चालेल का, आणि सुरुवात कशानं करू? (मिरजेहून एक आई)

ताई, महाग का पडतं तर आपल्याकडं खेळण्यांवरची आयात ड्युटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. दुसऱ्या कंपन्यांचे जुळणारे ब्लॉक घेणं यात बेकायदा काही नाही, लेगोच्या मूळ ब्लॉकचं पेटंट १९५८ चं, ते कधीच संपलंय. पण दोन गोष्टी बघा. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो पाकिटावर नसेल तर घेऊ नका, कारण आत बॅटरी आणि चार्जर असतो आणि तिथं तडजोड नको. लिथियम बॅटरीवाला सेट रात्रभर चार्जिंगला लावून झोपायचं नाही, हा नियम घरात आधी करा. दुसरं असं की काही कंपन्या छंदवाल्या माणसांनी स्वतः डिझाइन केलेली मॉडेल न विचारता उचलून विकतात. एखाद्यानं महिनोन्महिने डोकं घालून केलेलं काम असतं ते, तसले सेट कितीही स्वस्त असले तरी मी घेणार नाही आणि दुसऱ्यालाही घ्या म्हणणार नाही.

सुरुवात मोठ्या रिमोटच्या सेटनं करू नका. मोठा सेट पोरं पुस्तक बघून जोडतात, शोकेसमध्ये ठेवतात आणि विषय संपतो. त्यापेक्षा एक मध्यम टेक्निक सेट, वेगळी एक मोटार, एक बॅटरी बॉक्स आणि गिअरचं एखादं पाकीट. रिमोट नकोच पहिल्यांदा. त्याला सांगा की टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यात हळू जाणारी गाडी बनव. मुलांना जोरात पळणारी हवी असते हे मला माहीत आहे, पण हळू जाणाऱ्या गाडीतच गिअर समजतात, आणि ती गाडी जेव्हा मागं बांधलेली पाण्याची बाटली ओढत नेते तेव्हा त्याचा चेहरा बघा. वापरलेले सुटे ब्लॉक किलोवर मिळाले तर जरूर घ्या.

मला लाल परी बनवायचीय, खरीखुरी, मोटारीवर चालणारी. किती मोठी करू? (सातारा)

वा, हा प्रश्न वाचून लय आनंद झाला. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली, तेव्हापासून गावोगावच्या माणसांचं आयुष्य या गाडीत गेलंय आणि तरी तिची चांगली चालती मॉडेल बोटावर मोजण्याएवढी.

किती मोठी करायची हे तुम्ही ठरवायचं नाही, टायर ठरवते. ब्लॉक पाहिजे तेवढे जोडता येतात, टायर मात्र ठरावीक मापाचीच मिळते. बसला १०-२० ची टायर असते, तिची उंची साधारण १०५० मिमी. ६२.४ ची टायर घेतली तर प्रमाण १:१७ च्या आसपास येतं आणि ११ मीटरची बस ६५ सेंटीमीटर लांब होते. दिसायला जबरदस्त, पण ब्लॉक हजारांनी लागतात, वजन तीन-चार किलोच्या घरात जातं आणि मध्ये चासी वाकते. ४३.२ ची टायर घ्या. मग प्रमाण १:२४ पडतं, लांबी ४५ सेंटीमीटर म्हणजे ५६ स्टड (स्टड म्हणजे ब्लॉकवरचा एक उंचवटा, ८ मिमी), रुंदी अडीच मीटरची १३ स्टड, आणि दोन एक्सलमधलं अंतर साडेपाच मीटर धरलं तर २८ स्टड. या मापात एक स्टड म्हणजे खऱ्या बसमधले साडेएकोणीस सेंटीमीटर, हे एकदा कंपासपेटीच्या झाकणावर लिहून ठेवा आणि स्टँडवर जाऊन सगळं त्यातच मोजा, खिडकी किती स्टड, दार किती स्टड, चाकापासून मागचा बंपर किती स्टड. मागं दोन-दोन टायरा लावायच्या आहेत म्हणून अरुंदवाली टायर बघून घ्या, रुंद घेतली तर मागची चाकं बॉडीच्या बाहेर येतात आणि बस बस वाटत नाही.

मोटार मागच्या एक्सलच्या पुढं फरशीखाली आडवी झोपवा, बॅटरी बॉक्स मधल्या सीटांच्या खाली, म्हणजे खिडकीतून आत बघितलं तर वायर दिसणार नाही. एम मोटार पुरेल, मात्र वेग चार-पाच पट कमी करा. एसटी घाटात कशी चढते ते आठवा, पसरणी घाटात वाईहून पाचगणीला जाताना ती घाई करत नाही. आणि मागची शेपटी लांब असल्यामुळं रॅम्प चढताना ती खाली टेकते, तेव्हा मागचा बंपर चासीपेक्षा एक-दोन प्लेट वर घ्या (तीन प्लेट म्हणजे एका ब्लॉकची उंची, ९.६ मिमी, एक प्लेट ३.२). खालचा सांगाडा आधी बिनबॉडीचा आठवडाभर घरात चालवा. वर दीड किलोचं पाणी ठेवून चालवा. तो टिकला की मग लाल ब्लॉकना हात लावा. तोवर खिडक्यांच्या डिझाइनचा मोह होणार, तो कागदावर भागवा.

फोर बाय फोर जीप बनवलीय, एक्सएल मोटार, एक्सल दोन्ही सस्पेन्शनवर. दगडावर चढताना युनिव्हर्सल जॉइंटचे (वाकूनही फिरणाऱ्या सांध्याचे) क्रॉस सारखे तुटतात आणि आतून कट्-कट् आवाज येतो. आत्तापर्यंत डझनभर जॉइंट गेलेत. मी इंजिनिअरिंगला आहे. (कराड)

मित्रा, तू वेग मोटारीजवळच कमी केलायस, फोटोत दिसतंय, ८ ला २४ मोटारीला लागूनच. तिथं वेग तिप्पट कमी झाला म्हणजे पीळ तिप्पट वाढला आणि तो सगळा वाढलेला पीळ त्या बारीक प्लॅस्टिकच्या जॉइंटमधून आणि लांब एक्सलमधून पुढं जातोय. एक्सएल अडली की तिचा पीळ चार किलो-सेंटीमीटरच्या आसपास, तिप्पट म्हणजे बारा, जॉइंट तुटणारच. उलट कर. शाफ्ट वेगात आणि हलक्या पिळात फिरू दे, आणि वेगाची कपात जॉइंटच्या पलीकडं, चाकाच्या जितकं जवळ जमेल तितकं जवळ कर. खऱ्या अवजड ट्रकमध्ये हबमध्ये (चाकाच्या मध्यात) गिअर असतात ते याच कारणानं, मर्सिडीजच्या युनिमॉगला पोर्टल एक्सल असतो तो बघ. तू चारही चाकांजवळ १२ ला २० ची जोडी उभी लावलीस तर कपात १.६७ ची मिळते, भार चार जागी वाटला जातो, आणि वरून एक्सल १६ मिमी वर उचलला जातो, म्हणजे मधला गोळा दगडाला अडकायचा थांबतो. बाकीची कपात एक्सलच्या हौजिंगमध्ये, जॉइंटच्या नंतर.

कट्-कट् आवाज गिअर सुटून परत बसल्याचा आहे. गिअर एकमेकांना बाहेर ढकलतात, विशेषतः काटकोनातले, आणि बीम पिनांवर थोडा उघडतो. त्यावर ग्रीस किंवा फेव्हिक्विक हा उपाय नाही (दोन्हीबद्दल विचारलंयस म्हणून सांगतो). गिअरच्या दोन्ही बाजूंना आधार पाहिजे, एका बाजूनं लोंबकळता गिअर कधीच नको, आणि दोन्ही बाजूंचे बीम वरून आणि खालून आडव्या बीमनं बांधून पूर्ण चौकट कर. हातात धरून पीळ, चौकट कुरकुरली तर अजून एक आडवा दे.

डिफरन्शलचं तू विचारलं नाहीस पण फोटोत दोन्हीकडं साधं डिफरन्शल (डाव्या-उजव्या चाकाला वेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) दिसतंय. दगडावर एक चाक हवेत गेलं की त्या एक्सलची सगळी फिरकी हवेतल्या चाकाला जाते आणि तो एक्सल ओढायचाच थांबतो. मागचं काढून टाक आणि सरळ एक्सल घाल, पुढचं राहू दे नाहीतर वळायला फार जागा लागेल. फरशीवर वळताना मागची चाकं थोडी घासतील, अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरच्या मुरमात ते कळणारही नाही. एक्सल मधल्या एका बिंदूवर डोलता ठेवलास, स्प्रिंग नसली तरी चालेल, तर चारही चाकं जमिनीला धरून राहतात. दगड चढायला स्प्रिंगपेक्षा हे डोलणं कामाचं.

डंपरचा हौदा वर जातो पण मोटार बंद केली की खाली येतो. (विटा)

वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला) लावा. वर्मची एक फेरी झाली की समोरचा गिअर एकच दाता सरकतो, २४ दात्याला २४ पट कपात, आणि मोठं म्हणजे गिअर वर्मला उलटं फिरवू शकत नाही, म्हणून हौदा जिथं सोडाल तिथं थांबतो. घर्षणात बरीच ताकद जाते पण हौद्याला चालतं. चाकांना मात्र वर्म लावू नका, गाडी हातानं ढकलली की गिअर सोलतात.

२०१० च्या सुमाराचं पॉवर फंक्शन्सचं (लेगोच्या जुन्या मोटार-रिमोटचं) सामान भावाकडून मिळालंय. अंगणात रिमोट चालतच नाही, घरात चालतो. नवीन रिमोट जुन्या मोटारीला लागेल का? आणि रिचार्जेबल सेल घातले की गाडी मंद होते. (तासगाव)

सामान जपून वापरा, ते आता कंपनीकडून येत नाही आणि त्या मोटारी फार चिवट आहेत. पॉवर फंक्शन्स २००७ ला आलं, त्याचा रिमोट टीव्हीसारखा इन्फ्रारेडवर चालतो, आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर असल्यामुळं रिसीव्हरला तुमचा इशारा सापडत नाही. संध्याकाळी चालवा, किंवा रिसीव्हरचा काळा डोळा बॉडीच्या सावलीत पण वरून दिसेल असा ठेवा, थोडा फरक पडतो. २०१८ पासूनच्या पॉवर्ड अपचा, म्हणजे लेगोच्या नव्या मोटार-रिमोटचा प्लगच वेगळा आहे, तो थेट जुळत नाही. एसब्रिक किंवा बुविझ नावाचे ब्लूटूथ ब्लॉक मिळतात, ते दुसऱ्या कंपन्यांचे आहेत, त्यांना जुने प्लग बसतात आणि मोबाइलवरून उन्हातही चालतं. बुविझमध्ये बॅटरी आतच आहे, त्यामुळं बॅटरी बॉक्सची जागा आणि वजन वाचतं. ब्रिककंट्रोलर २ नावाच्या ॲपवरून गेमचा जॉयस्टिकही जोडता येतो, मोबाइलच्या काचेवर अंगठा फिरवून गाडी चालवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

सेलचं साधं आहे. साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, सहा म्हणजे ९ व्होल्ट. रिचार्जेबल १.२ चा, सहा म्हणजे ७.२. म्हणून गाडी मंद होते, पण भार आला की रिचार्जेबल सेल कमी दबतो, त्यामुळं ओढायच्या गाडीला मी तेच वापरतो. पावसाळ्यात गाडी ठेवून देणार असाल तर सेल काढून ठेवा, फुटलेल्या सेलचं पाणी बॅटरी बॉक्सच्या पट्ट्या खाऊन टाकतं.

कॉम्प्युटरवर आधी डिझाइन करावं का? (इस्लामपूर, जत, आणि अजून बऱ्याच जणांनी)

ब्रिकलिंकचं स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जवळजवळ सगळे भाग त्यात मिळतात, ते वापराच. एल-ड्रॉ हे असलंच जुनं सॉफ्टवेअर तर १९९५ पासून आहे आणि आजची बरीचशी सॉफ्टवेअर त्याच पायावर उभी आहेत. बॉडी, रंग, किती भाग लागणार याची यादी, यासाठी उत्तम. पण स्क्रीनवर बीम वाकत नाही, एक्सल पिळत नाही आणि गाडीला वजन नसतं. चासी आणि गिअर हातात बनवा, चालवा, मोडा, परत बनवा आणि पक्कं झालं की मग ते कॉम्प्युटरवर उतरवून वरची बॉडी तिथं करा.

कुपवाड एमआयडीसीत तीस वर्षं टर्नर होतो, आता रिटायर. नातवाच्या गाडीचे प्लॅस्टिकचे एक्सल पिळतात ते बघून मी लेथवर स्टीलचे करून द्यायचं ठरवलंय. हे खेळात बसतं का? आणि या वयात यात पडावं का? (सांगली)

काका, दुसऱ्या प्रश्नाचं आधी. पडाच. १९७७ ला टेक्निक सुरू झालं तेव्हापासून मोठी माणसं यात आहेत आणि जगभर जी नावाजलेली मॉडेल आहेत ती मोठ्यांचीच आहेत. आपल्या भागात १९१० ला किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून घराघरात लेथवरची, फौंड्रीतली माणसं झाली, तुमच्यासारख्यांच्या हातात जी समज आहे ती पुस्तकात मिळत नाही. ढील किती सोडायची, कुठं घासतंय हे आवाजावरून कसं ओळखायचं, भार कुठून कुठं जातो, हे नातवाला तुम्ही शेजारी बसून दाखवलंत तर तो इंजिनिअरिंगला जाईल तेव्हा अर्धा अभ्यास झालेला असेल.

आता स्टीलचा एक्सल. करता येतो, अधिक चिन्हाचा आडवा छेद काढायला मिलिंग लागेल आणि मूळ एक्सलवरून माप उतरवावं लागेल, ते तुम्हाला मी काय सांगणार. काही लोक मूळ भागांशिवाय दुसरं काही चालवूनच घेत नाहीत, माझं तसं मत नाही, आपल्या घरात आपली गाडी. पण माझा सल्ला आहे की करू नका, आणि कारण तुम्हाला लगेच पटेल. एक्सल पिळतोय म्हणजे तो सांगतोय की भार जास्त झालाय. तो स्टीलचा केला की तोच भार गिअरच्या दात्यावर जाणार, दाते सोलले जाणार, गिअर टिकले तर मोटार जळणार. सगळ्यात आधी काय तुटावं हे बनवणाऱ्यानं ठरवायचं असतं, आणि ते सगळ्यात स्वस्त आणि बदलायला सोपं असावं. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टला (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याला) शिअर बोल्ट असतो तो यासाठीच. टेक्निकमध्ये त्या जागी २४ दात्याचा पांढरा क्लच गिअर मिळतो, त्यावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटीमीटर (म्हणजे साधारण पाव ते अर्धा किलो-सेंटीमीटर) असं लिहिलेलं असतं, पीळ त्यापुढं गेला की तो आतल्या आत घसरतो आणि बाकी सगळं वाचतं. तो मोटारीजवळ, कपातीच्या आधी घाला. मोठ्या मोटारीच्या गाडीला तो उलट लवकर घसरेल, तिथं एक्सल लहान करा, मध्ये दर तीन-चार भोकांवर आधार द्या, आणि वर कराडच्या मित्राला सांगितलंय तसं कपात चाकाजवळ न्या. लांब एक्सल लहान केला की पिळणं आपोआप कमी होतं.

लेथवर काही करायचंच असेल तर ट्रॉलीत ठेवायला पितळेची वजनं करून द्या नातवाला, ५० ग्रॅमची, १०० ग्रॅमची. चढावर किती ओढतं हे मोजायला त्यांचा फार उपयोग होईल.

लाल मातीत चालवून गाडी पार मळलीय. धुवायची कशी? (महाबळेश्वरच्या वाटेवरच्या एका गावातून)

मोटार, बॅटरी बॉक्स, रिसीव्हर, वायर सगळं आधी बाजूला काढा, त्यांना पाणी लागता कामा नये, ते कोरड्या ब्रशनं आणि किंचित ओल्या फडक्यानं पुसा. बाकीचे भाग सुटे करून कोमट पाण्यात, ४० अंशांच्या वर नको, थोडा भांड्याचा साबण टाकून भिजवा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. गिअरचे दाते आणि बुशची आतली बाजू नीट बघा, माती तिथं बसते आणि पुढच्या वेळी कानशीसारखी घासते. वाळवायला पंख्याखाली टॉवेलवर पसरा, गच्चीवर उन्हात नको, एबीएस प्लॅस्टिक उन्हानं पिवळं पडतं. एक्सल आणि पिनांची भोकं आतून वाळायला वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी जोडा.